वरचे पाच पैसे

दोस्तांनो, तुमच्यापैकी टपाल तिकिटं जमवायचा नाद किती जणांना आहे? असेल, तर जुन्या भारतीय तिकिटांच्या गठ्ठ्यात एक छोटंसं तिकीट जरूर शोधा. किंमत फक्त ५ पैसे. त्यावर ना कुणी पुढारी, ना पक्षी, ना किल्ला. आहेत ती घरदार सोडून निघालेली माणसं. आणि शब्द आहेत ‘रेफ्युजी रिलीफ’, म्हणजेच निर्वासितांना मदत.

गोष्ट १९७१ सालची. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात लष्करानं लोकांवर अनन्वित जुलूम केले आणि सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. त्यांना जेवण हवं, औषधं हवीत, डोक्यावर छप्पर हवं. एवढा पैसा आणायचा कुठून? सरकारनं अनेक ठिकाणी थोडी थोडी रक्कम वाढवली. त्यातलीच ही एक : १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर नेहमीच्या तिकिटाशिवाय ५ पैशांचं आणखी एक तिकीट चिकटवायचं. म्हणजे बघा, पत्र लिहिणारी कोल्हापूरची आजी, पत्र वाचणारा नागपूरचा नातू, आणि त्या पत्रातून पाच पैसे जायचे ते बंगालमधल्या निर्वासितांच्या छावणीसाठी!

आणि महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ३१ मार्च १९७३ नंतर हे जादा तिकीट बंद झालं. काम ठरलेलं होतं, पैसे ठरलेले होते आणि शेवटही झाला.

नेहमीच्या रकमेवर अशी जी भर घातली जाते, तिच्याबद्दल आज आपण बोलणार आहोत. बाबांच्या पगाराच्या कागदावर, आईनं भरलेल्या पेट्रोलमध्ये, घरपट्टीच्या बिलात, सगळीकडे ती असते. पण ती बारीक अक्षरात असते, म्हणून आपलं लक्ष जात नाही, एवढंच.

अधिभार आणि उपकर

या भरीची दोन नावं तुम्ही ऐकली असतील : अधिभार आणि उपकर. इंग्रजीतलं सरचार्ज म्हणजे अधिभार आणि सेस म्हणजे उपकर. दोन्ही एकच वाटतात, पण तसं नाही बरं का!

आपण वर्गणीचं उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या गल्लीतल्या गणेश मंडळानं दर घरामागे १०० रुपये वर्गणी ठरवली. मग कार्यकर्त्यांच्या बैठकीत दोन ठराव झाले.

पहिला ठराव असा, की ज्यांची वर्गणी मोठी आहे अशा दुकानदारांनी तिच्यावर शेकडा १० रुपये जादा द्यायचे. ते पैसे मांडवाला जातील, दिव्यांना जातील, मंडळाला वाटेल तिथे जातील. हा झाला अधिभार.

दुसरा ठराव असा, की सगळ्यांनीच वर्गणीवर शेकडा ४ रुपये जादा द्यायचे, पण ते फक्त मंडळाच्या वाचनालयातल्या पुस्तकांसाठी. हा झाला उपकर.

आता त्या पुस्तकांच्या पैशांतून मंडळानं ढोल-ताशा आणला, तर तुम्ही अध्यक्षकाकांना विचाराल की नाही? विचारायलाच हवं! कारण उपकराला एक नाव असतं आणि ते नाव म्हणजे दिलेला शब्द असतो. अधिभाराला असं कामाचं नाव असावंच लागत नाही.

सेस हा शब्द तर आपल्याकडे अगदी रुळलेला आहे. शेतमाल बाजार समितीत गेला की तिथे सेस असतो. मुंबईतल्या जुन्या चाळींना ‘सेस इमारती’ म्हणतात, ते का, माहीत आहे? मुंबईतल्या जुन्या इमारती कोसळून माणसं दगावू लागली, तेव्हा १९६९ साली एक कायदा झाला. त्यानुसार अशा इमारतींकडून दुरुस्तीसाठी उपकर घ्यायचा आणि त्यातून त्यांची डागडुजी करायची, असं ठरलं. म्हणून त्या झाल्या उपकरप्राप्त इमारती, बोलीभाषेत सेसवाल्या.

चला, हिशेब करू

वही-पेन्सिल घ्या. आपण २०२५-२६ या वर्षाच्या नव्या पद्धतीचा आयकर बघू.

एका माणसाचं करपात्र उत्पन्न वर्षाला १६ लाख रुपये आहे. त्याचा कर होतो १ लाख २० हजार. त्यावर ‘आरोग्य आणि शिक्षण उपकर’ ४ टक्के, म्हणजे ४,८०० रुपये. एकूण भरायचे १ लाख २४ हजार ८०० रुपये. लक्षात घ्या, हे ४ टक्के उत्पन्नावरचे नाहीत, करावरचे आहेत. करावर कर म्हणतात तो हा असा.

आता एक मोठे शेठजी घेऊ. करपात्र उत्पन्न ६४ लाख. त्यांचा कर होतो १५ लाख. उत्पन्न ५० लाखांच्या वर आणि एक कोटीच्या आत आहे, म्हणून करावर १० टक्के अधिभार, म्हणजे दीड लाख. झाले साडेसोळा लाख. आता उपकर लावायचा. तो १५ लाखांवर नाही लावायचा, तर साडेसोळा लाखांवर लावायचा! ४ टक्क्यांचे झाले ६६ हजार. एकूण १७ लाख १६ हजार. म्हणजे करावर अधिभार आणि त्या दोघांवर मिळून उपकर. सासूवर सून आणि दोघींवर आजेसासू!

यात एक गंमतशीर अडचण आहे. बरोबर ५० लाख उत्पन्न असेल तर कर १० लाख ८० हजार, अधिभार शून्य. पण त्या माणसानं आणखी एक रुपया मिळवला की १० टक्के अधिभार, म्हणजे १ लाख ८ हजार रुपये, एकदम डोक्यावर! एका रुपयाच्या कमाईला लाखाचा दंड? असं होऊ नये म्हणून कायद्यात सवलत ठेवली आहे. सीमेच्या वर जेवढं जादा उत्पन्न, त्यापेक्षा कर आणि अधिभार मिळून होणारी वाढ जास्त असता कामा नये. तिला ‘मार्जिनल रिलीफ’ म्हणतात.

मात्र प्रत्येक उपकर करावरच बसतो असं नाही. काही उपकर वस्तूच्या किमतीवर असतात, काही मापावर. पेट्रोलवरचा उपकर लिटरमागे असतो, तो याच जातीचा.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? सरळ कराचा दरच वाढवा ना! सरकारलाही याची उत्तरं आहेत. अधिभारानं कराचे टप्पे न बदलता फक्त श्रीमंतांकडून जास्त घेता येतं. उपकराला कामाचं नाव असल्यानं तो देताना माणसाला फारसं जड जात नाही. आणि संकट आलं, तर दोन्ही पटकन लावता येतात आणि संकट सरलं, की काढता येतात. निदान यायला तरी हवेत.

रुपयामागे एक आणा

ही युक्ती काही आजची नाही. इंग्रजांच्या राज्यात, १८६०च्या दशकात, मुंबई इलाख्यातल्या शेतकऱ्यावर शेतसाऱ्याशिवाय आणखी एक पट्टी बसली. सारा एक रुपया, तर वर एक आणा. सोळा आण्यांचा रुपया असायचा, म्हणजे सव्वासहा टक्के झाले. याला ‘लोकल फंड’ म्हणत. गावचे रस्ते करायचे, शाळा चालवायच्या, यासाठी तो पैसा होता.

पण शाळा कुणाच्या मुलांसाठी? हा प्रश्न विचारला महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली सरकारनं नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी आपलं निवेदन मांडलं. त्यांचं म्हणणं रोखठोक होतं : सरकारी तिजोरीत पैसा येतो तो कष्टकरी रयतेच्या घामातून, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या थोड्या लोकांना होतो. तेव्हा या पट्टीचा पैसा रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हायला हवा. म्हणजे उपकर कुणाकडून घेतला आणि कुणावर खर्च केला, याचा जाब जोतीरावांनी सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच विचारला होता.

दुसरी गोष्टही एका मराठी माणसाची. १९२७ साली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली गेली. अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मोटारी वाढत होत्या, रस्ते मात्र खड्ड्यांचे. समितीनं सुचवलं, की जो मोटार चालवतो तो पेट्रोल घेतो, तर पेट्रोलवरच थोडा जादा कर बसवा आणि तो पैसा रस्त्यांसाठी बाजूला ठेवा. त्याप्रमाणे १९२९ साली दर गॅलनला दोन आणे जादा घेऊन रस्ते निधी सुरू झाला. रस्ता वापरणाऱ्यानं रस्त्याला पैसे द्यायचे, असा तो सरळ हिशेब.

एकाचा भार, दुसऱ्याला आधार

नावाचा पैसा नावाप्रमाणे खर्च झाला तर काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १९७२चा दुष्काळ आजी-आजोबांना विचारा. विहिरी आटल्या, जनावरं गेली, हाताला काम नाही. त्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर चालू झाली. काम मागेल त्याला काम. पण मजुरीला पैसा? १९७५ साली राज्यानं व्यवसाय कर सुरू केला. शिवाय विक्रीकर, मोटारींवरचा कर, जमीनसारा यांवरही थोडा थोडा जादा भार टाकला. शहरातल्या पगारदारानं आणि दुकानदारानं दिलेल्या पैशातून खेड्यातल्या मजुरानं पाझर तलाव खणले, रस्ते बांधले, आणि त्याच्या घरी चूल पेटली.

तो व्यवसाय कर आजही आहे. बहुतेक पगारदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत ३००. हे फेब्रुवारीचं काय गौडबंगाल? राज्यघटनेनं या कराला वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये अशी मर्यादा घातली आहे. आता गुणाकार करा : ११ महिने गुणिले २०० म्हणजे २,२००. त्यात ३०० मिळवले की बरोबर २,५००!

पैसा कोणाच्या पेटीत?

आता थोडं सावरून बसा, कारण खरी मेख इथे आहे.

केंद्र सरकार जे कर गोळा करतं, त्यातला काही भाग राज्यांना वाटून द्यावा लागतो. किती, ते दर पाच वर्षांसाठी वित्त आयोग सुचवतो. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी ४१ टक्के सांगितले. म्हणजे वाटपाच्या पेटीत १०० रुपये आले, की ४१ रुपये सगळ्या राज्यांचे.

पण अधिभार आणि उपकर या वाटपाच्या पेटीत येतच नाहीत! राज्यघटनेच्या २७०व्या आणि २७१व्या कलमात तशी तरतूदच आहे. ते पैसे पूर्णपणे केंद्राकडे राहतात.

पेट्रोलचं उदाहरण बघा. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रानं लिटरमागे दोन रुपये वाढवले, तेव्हा केंद्राचा एकूण कर झाला २१ रुपये ९० पैसे. त्यातलं मूळ उत्पादन शुल्क किती? फक्त १ रुपया ४० पैसे! बाकी सगळे अधिभार आणि उपकर : रस्त्यांसाठी, शेतीसाठी आणि ‘विशेष जादा’. वाटपाच्या पेटीत गेला तो १ रुपया ४० पैसेच. त्याचे ४१ टक्के काढा. ५७ पैसे आणि वर थोडंसं. एवढंच सगळ्या राज्यांना मिळून. अर्थात राज्यंही पेट्रोलवर आपला वेगळा कर लावतात, तेव्हा पंपावर उभ्या असलेल्या तुमच्या आईला दोघांचेही पैसे मोजावे लागतात, हेही खरं!

२०११-१२ साली केंद्राच्या एकूण करवसुलीत उपकर आणि अधिभार सुमारे १० टक्के होते. २०२०-२१ पर्यंत ते सुमारे २० टक्के झाले. म्हणून राज्यं कुरकुर करतात, की कागदावर ४१ टक्के दिसतात, पण हातात तेवढे पडत नाहीत. केंद्र म्हणतं, या पैशातून शाळा आणि रस्ते होतात ते राज्यांतच ना? खरं आहे. पण तो कुठे आणि कसा खर्च करायचा, हे ठरवतं केंद्र. राज्यांचा मुद्दा नेमका तोच आहे.

पैसे तेवढेच, पण पेटी बदलली, याचंही एक ताजं उदाहरण आहे. थंड पेयाच्या बाटलीवर १ जुलै २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता आणि वर १२ टक्के भरपाई उपकर. एकूण ४०. हा उपकर कशासाठी? जीएसटी आल्यावर राज्यांचं जे नुकसान होईल ते पाच वर्षं भरून द्यायचं, म्हणून. पण मध्येच कोरोना आला, भरपाईसाठी कर्ज काढावं लागलं आणि ते फेडायला उपकर पाच वर्षांनंतरही चालूच राहिला. शेवटी २२ सप्टेंबर २०२५ ला थंड पेयांवरून तो गेला. पण बाटली स्वस्त झाली का? नाही! कारण त्याच दिवसापासून जीएसटीच ४० टक्के झाला. ग्राहकाला फरक शून्य. मात्र पूर्वीचे १२ टक्के भरपाईच्या पेटीत जायचे, आता राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीचे पुरते ४० टक्के केंद्र आणि राज्य अर्धे अर्धे घेतात.

शाळेसाठी घेतलं, शाळेला दिलं का?

आता तुमच्या जिव्हाळ्याचा विषय. २००४ साली केंद्रानं करांवर २ टक्के शिक्षण उपकर लावला, प्राथमिक शिक्षणासाठी. त्याची वेगळी पेटी केली, प्रारंभिक शिक्षा कोश नावाची. सर्व शिक्षा अभियान आणि शाळेतलं दुपारचं जेवण यांना त्यातून पैसा मिळू लागला. शाळेत मिळणाऱ्या गरम खिचडीत कुणाच्या तरी करावरचे दोन टक्के शिजत होते म्हणायचे.

२००७ साली माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का आला. पण त्याची वेगळी पेटी कधी मंजूर झाली? ऑगस्ट २०१७ मध्ये! तब्बल दहा वर्षांनी. सरकारी हिशेब तपासणारे महालेखापरीक्षक, ज्यांना आपण ‘कॅग’ म्हणतो, त्यांनी यावर बोट ठेवलं. तोवर या नावानं ८० हजार कोटी रुपयांहून जास्त रक्कम गोळा झाली होती आणि तिच्यासाठी ना निधी ठरला होता, ना योजना. याचा अर्थ ते पैसे कुणी खाल्ले असा नाही. ते सरकारच्या मोठ्या तिजोरीत मिसळून गेले. पण शाळा-कॉलेजच्या नावानं घेतलेला रुपया शाळा-कॉलेजलाच गेला का, हे दाखवता येईना. नाव असलेल्या पैशाला पेटी नसली, की असं होतं.

२०१८ साली हे तीन टक्के गेले आणि त्यांच्या जागी आयकरावर ४ टक्क्यांचा आरोग्य आणि शिक्षण उपकर आला. वर आपण हिशेब केला तो हाच.

सगळेच उपकर असे चिवट नसतात हं. १५ नोव्हेंबर २०१५ पासून सेवाकरावर स्वच्छ भारत उपकर आला, अर्धा टक्का. १ जून २०१६ पासून कृषी कल्याण उपकर, आणखी अर्धा टक्का. १०० रुपयांच्या फोन बिलावर १४ रुपये सेवाकर आणि वर ५० पैसे, ५० पैसे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि दोन्ही संपले.

तीन प्रश्न

तेव्हा दोस्तांनो, यापुढे कुठेही ‘उपकर’ किंवा ‘अधिभार’ हा शब्द दिसला, की तीन प्रश्न विचारायचे. एक, हा कोणत्या कामासाठी आहे? दोन, पैसा कोणत्या पेटीत जातो? तीन, हा थांबणार कधी? पाच पैशांच्या त्या तिकिटाकडे तिन्ही प्रश्नांची उत्तरं होती. सगळ्यांकडे असतात असं नाही.

आणि आता रविवारचा उद्योग. आई-बाबांकडून घरपट्टीचं बिल मागून घ्या आणि ओळीनं वाचा. तुमच्या शहरानुसार त्यात शिक्षण उपकर, वृक्ष उपकर अशा ओळी सापडतील. शेजारच्या दुकानदारकाकांच्या बिलात रोजगार हमी उपकरही सापडेल, कारण तो राहत्या घराला नसतो, दुकान आणि कचेरीच्या जागेला असतो. प्रत्येक ओळीपुढची रक्कम वहीत लिहा, बेरीज करा आणि जेवताना घरात सगळ्यांना विचारा, की यातल्या कुठल्या कामाचं आपल्या गल्लीत काय दिसतं? वृक्ष उपकराच्या ओळीपासून सुरुवात करा. झाडं मोजणं सगळ्यांत सोपं असतं.